हेक्टर मॅकिननची काळी चौकट

बारा थोर मॅकिनन निवडायचे, मेळाव्यातल्या प्रदर्शनासाठी त्यांची बारा कार्डं करायची आणि बेटाला त्याच्याच इतिहासाची नीट ओळख करून द्यायची, एवढंच तर काम होतं. आइल्सानं ते सात महिन्यांचं पोर कडेवर असताना अंगावर घेतलं, आणि वर सासूला ऐकवलं की आठवड्यात संपवते, तुम्ही फक्त बघत राहा.

थोरांचा तुटवडा नव्हता. बेटावर माणसं एकशे चाळीस, त्यांतले शंभरावर मॅकिनन आडनावाचे. अडचण वेगळीच निघाली. इथं थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवतात, आणि आजोबांना त्यांच्या आजोबांचं ठेवलेलं असतं. त्यामुळे गेल्या तीनशे वर्षांत जो कुणी मॅकिनन नावारूपाला आला, तो हेक्टर! एका रात्रीत शेजारच्या बेटावरची चाळीस गुरं पळवून आणणारा हेक्टर. दोनदा पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेला कप्तान हेक्टर. न्यूझीलंडात जाऊन नगराध्यक्ष झालेला हेक्टर. गेलिक भाषेचा शब्दकोश लिहायला बसला आणि चौथ्या अक्षरावर वारला, तोही हेक्टरच. शेवाळांवर पुस्तक लिहिणारी एक फ्लोरा सापडली, तेव्हा आइल्साला वाळवंटात नळ सापडल्यासारखं झालं.

जिवंत हेक्टर पाच. त्यांना ओळखायची सोय बेटानं केव्हाच करून ठेवली होती: बोटवाला हेक्टर, पोस्टातला हेक्टर, तांबडा हेक्टर, पुलाजवळचा हेक्टर आणि छोटा हेक्टर. पुलाजवळचा म्हणजे आइल्साचा सासरा. छोटा तिच्या कडेवर होता आणि तिची बटणं खात होता.

सोमवारी सकाळी सासरा पहिल्या फेरीनं हृदयाची तपासणी करायला मुख्य भूमीवरच्या हॉस्पिटलात निघाला. महिनाभर जिना चढताना त्याला दम लागत होता. तो जिन्याला दोष देत होता. आइल्सा त्याला धक्क्यावर सोडायला गेली होती. काखेत कार्डांचा गठ्ठा, कडेवर पोर, डोळ्यांवर झोप. सासऱ्यानं गठ्ठ्याकडे बघून विचारलं, "यात मी आहे का गं कुठं?"

"बाबा, यात यायला काहीतरी केलेलं असावं लागतं," आइल्सा म्हणाली.

म्हणाली गमतीतच. पण रात्री पोरानं चार वेळा उठवल्यावर सकाळी गंमत जरा धारदार निघते. सासरा हसला, नातवाचं नाक ओढलं आणि बोटीत चढला.

तिथून ती थेट दुकानात गेली. बेत पक्का होता. शनिवारी मॅकिनन मंडळींचा मेळावा, कॅनडाहून पाहुणे येणार; तोवर रोज एक कार्ड दुकानाच्या काचेवर लावायचं, लोकांची उत्सुकता वाढवायची. लग्नाआधी ग्लासगोच्या छापखान्यात तिनं चार वर्षं काढली होती, त्यामुळे कार्ड कसं देखणं करायचं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पांढरा जाड कागद, भोवती बारीक काळी चौकट. वर ठसठशीत अक्षरांत 'हेक्टर मॅकिनन'. त्याखाली 'शनिवार, सकाळी अकरा, गावचा हॉल. नंतर चहा'. आणि सगळ्यात खाली कप्तानाच्या जन्ममृत्यूची सालं, जहाजाचं नाव, दोन ओळी पराक्रम.

दुकानदारीण डॉलिना मागं अंडी मोजत होती. आइल्सानं स्वतःच कार्ड चिकटवलं आणि पोर रडायला लागलं म्हणून घर गाठलं.

ग्लासगोच्या मुलीला एक गोष्ट ठाऊक नव्हती. या बेटावर दुकानाच्या काचेवर काळ्या चौकटीचं कार्ड एकाच कारणासाठी लागतं. त्यावर नाव, वार, वेळ, जागा आणि 'नंतर चहा' असतं. अंत्ययात्रेचं कार्ड! दहा मिनिटांनी डॉलिना पुढं आली, तिनं 'आज ताजी अंडी' ही रोजची पाटी सवयीनं काचेच्या तळाला लावली, आणि कप्तानाची सालं, जहाज, पराक्रम सगळं अंड्यांखाली गेलं. मग तिनं मान वर करून उरलेलं वाचलं आणि खुर्चीत बसली.

दुसरी एक गोष्ट सांगायला हवी. इथं मयताच्या घरी जाऊन कुणी काही विचारत नाही. कोण, कसं, केव्हा, हे विचारणं म्हणजे पायातल्या चिखलासकट गादीवर चढणं. सूप घेऊन जायचं, ते चुलीवर ठेवायचं, खांद्यावर हात ठेवायचा आणि बसायचं.

दहा वाजता बोटवाल्या हेक्टरच्या दारी सुपाची दोन पातेली आली. दार त्यानंच उघडलं. आणणाऱ्या बायका त्याच्याकडे बघत राहिल्या, वारा फार आहे म्हणाल्या आणि पातेली घेऊन परत फिरल्या. पोस्टातला हेक्टर तिकिटं विकत होता. तांबडा हेक्टर छपरावर चढून शिव्या देत होता, म्हणजे धडधाकट होता. छोट्याला सकाळी सगळ्यांनी धक्क्यावर पाहिलेलं. बेटानं हिशेब केला. उरला एकच हेक्टर, आणि तो नेमका हॉस्पिटलात.

आइल्सा पोराला भरवत होती, तेव्हा खिडकीतून तिला शेजारची एफी सासूच्या दाराकडे जाताना दिसली. काळा कोट, हातात पातेलं. तिच्यामागं आणखी दोघी. त्यांच्यामागं तांबडा हेक्टर काळा टाय बांधून, हातात मनुकांचा केक घेऊन, आंघोळ करून! तो आंघोळ फक्त दोन प्रसंगी करतो, आणि लग्न तर बेटावर कुणाचं नव्हतं.

आइल्सा पोराला तसंच लापशी माखलेल्या तोंडानं उचलून धावली.

पेगी, म्हणजे सासू, स्वयंपाकघरात उभी होती. पडदे कुणीतरी ओढून घेतले होते. एफीनं तिला, धीर धर, एवढंच म्हटलं होतं. पेगीला आधी वाटलं एफीच्या घरी काही झालं असावं, म्हणून तिनंही एफीला धीर धर म्हटलं. दोघी एकमेकींना धीर देत पाच मिनिटं उभ्या राहिल्या. मग दारात पाद्री आले. हॉस्पिटलवाले अशी बातमी घरी फोनवर देत नाहीत, आधी पाद्रींना कळवतात, हे बेटावर सगळ्यांना माहीत. पाद्रींनी काचेवरचं कार्ड वाचलं होतं, आणि घरच्यांनी आपल्याला आधी सांगितलं नाही याचं त्यांना थोडं वाईटही वाटलं होतं. त्यांनी टोपी काढली. पेगीनं ती टोपी पाहिली आणि ती हळूच खाली बसली.

आइल्सानं सासऱ्याच्या मोबाईलवर फोन लावला. तो बंद होता. बॅटरी झिजू नये म्हणून तो नेहमी बंदच ठेवायचा. हॉस्पिटलात लावला, तर तिकडून वीस मिनिटं बासरी ऐकू आली. नवरा ॲलन कोळंबीच्या बोटीवर, संध्याकाळशिवाय टप्प्यात यायचा नाही. घरात सुपाची नऊ पातेली झाली, केक अकरा झाले, अंड्याच्या सँडविचांचा तर ढीग लागला. डॉलिनाची ताजी अंडी दुपारपर्यंत संपली!

"पाचच्या बोटीनं आणतील त्यांना," पेगी म्हणाली. "त्यांचा पांढरा शर्ट इस्त्री करते." आणि ती खरंच इस्त्री करायला लागली. एकाच बाहीवर पुन्हा पुन्हा इस्त्री फिरत होती.

आइल्सा आपल्या घरी आली. पोर झोपलं होतं. टेबलावर कार्डं पसरलेली होती: गुरं चोरणारा, नगराध्यक्ष, शब्दकोशवाला. काहीतरी केलेलं असावं लागतं. हे ती म्हणाली होती, त्या माणसाला, शेवटचं.

तिनं एक कोरं कार्ड ओढलं. पोर पोटदुखीनं रडायचं त्या सहा आठवड्यांत हा माणूस रोज पहाटे पाचला न बोलावता यायचा, त्याला कोटात गुंडाळायचा आणि पुलावरून येरझाऱ्या घालायचा, तिला दोन तास झोप मिळावी म्हणून. तिनं ते लिहिलं. एफीचा नवरा गेल्यावर त्यानं चाळीस वर्षं तिचं गवत कापलं, तेही लिहिलं. अडलेल्या तीन गाई रात्रभर बसून सोडवल्या. ग्लासगोच्या सुनेला दगडी चूल पेटवायला शिकवताना एकदाही हसला नाही. दोन थेंब पडले आणि शाई पसरली, पण तिनं कार्ड बदललं नाही. त्याला काळी चौकट काढली, पोर उचललं आणि हे आज काचेवर लागलंच पाहिजे म्हणून दुकानाकडे निघाली.

दुकान रिकामं होतं. सगळं गाव धक्क्यावर गेलं होतं. आइल्सा काचेसमोर उभी राहिली. तिथं आधीच एक कार्ड होतं. काळी चौकट. हेक्टर मॅकिनन. शनिवारी अकराला. नंतर चहा. तिला वाटलं, किती लवकर लावलं यांनी, आणि छापलंय किती सुरेख.

मग तिनं अंड्यांची पाटी उचलून पाहिली.

तोंडातून काय आवाज निघाला ते तिला कळलं नाही, पण पोर दचकलं. पुढच्याच क्षणी ती धावत सुटली. एका हातात पोर, दुसऱ्या हातात कार्ड, पायांत घरातल्या सपाता. उतारावरून तिला सगळं दिसत होतं. धक्क्यावर दोन रांगा, पुरुषांच्या टोप्या हातात, शवपेटी उचलायला पुढं उभे केलेले सहा धट्टेकट्टे मॅकिनन, आणि मध्ये पेगी, हातावर इस्त्री केलेला पांढरा शर्ट. बोट लागली. फळी पडली. गाड्या उतरल्या. कुणी हललं नाही.

आणि सगळ्यांत शेवटी, एका हातात औषधांची पिशवी आणि दुसऱ्या हातात फुलकोबीचा गड्डा घेऊन, पुलाजवळचा हेक्टर फळीवरून खाली उतरला. समोर अख्खं गाव काळ्या कपड्यांत. त्यानं घाईघाईनं टोपी काढली आणि जवळच्या बोटवाल्याला हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं रे?"

बोटवाला दोन पावलं मागं सरला.

"तुम्ही," पेगी म्हणाली.

एवढं बोलून तिनं तो शर्ट त्याच्या अंगावर फेकला, मग त्याच्या कोटाची कॉलर दोन्ही मुठींत धरली आणि डोकं त्याच्या छातीवर टेकवलं. फुलकोबी घरंगळत समुद्रात गेली. कुणीही ती वाचवायचा प्रयत्न केला नाही.

आइल्सा धापा टाकत पोचली आणि सगळ्यांसमोर सगळं सांगून मोकळी झाली: कार्ड, चौकट, कप्तान, अंडी. आता आपल्याला याच बोटीनं ग्लासगोला परत पाठवतात, असं तिला वाटलं. तेवढ्यात पाद्री हसले. ते कधी हसत नाहीत, त्यामुळे पहिल्यांदा लोकांना खोकला वाटला. मग एफी हसली, मग सहा खांदेकरी, आणि मग इतकी हसली सगळी मंडळी की बोटीचा भोंगा वाजला तोही कुणाला ऐकू आला नाही. एफी तिच्या कुशीतून पोर घेत म्हणाली, "अगं मुली, चौकट तरी निळी काढायचीस."

हॉस्पिटलवाल्यांनी सांगितलं होतं, हृदय जुनं आहे पण चालेल. गोळ्या घ्या आणि पथ्य पाळा.

आइल्साच्या मुठीतलं कार्ड सासऱ्यानं काढून घेतलं आणि लांब धरून वाचलं. बराच वेळ वाचलं. "यात चूक आहे," तो शेवटी म्हणाला. "गाई तीन नाहीत, चार होत्या." ते त्यानं घडी घालून आतल्या खिशात ठेवलं आणि नंतर तिनं कितीदा मागितलं तरी प्रदर्शनासाठी दिलं नाही.

मयताच्या घरी एकदा ठेवलेलं कुणी परत नेत नाही, मग मयत स्वतः दार उघडायला आला तरीही. त्यामुळे सगळं गाव पेगीकडेच जेवायला बसलं. पडदे उघडले, पातेली फिरली. हेक्टर झाकणं उचलून कुणी त्याच्यासाठी काय आणलं होतं ते बारकाईनं बघत होता. एफीचं सूप निव्वळ बटाट्याचं निघालं, तेव्हा त्यानं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं चमचा खाली ठेवला.

मग तो अकरा केकांपाशी आला. सुरी उचलली. पेगीनं ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि पथ्याचा कागद समोर धरला: लोणी नाही, साखर नाही, केक तर मुळीच नाही. पुढ्यात एक उकडलेलं गाजर ठेवलं.

हेक्टरनं गाजराकडे पाहिलं, मग समोर बसून तिसरा तुकडा खाणाऱ्या तांबड्याकडे पाहिलं.

"माणूस मेला," तो म्हणाला, "तरी त्याच्याच घरात त्याला केक मिळेना."