सबनिसांची शिवलेली पुस्तकं

सबनिसांकडून वाचायला आणलेल्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण शिवलेलं असायचं. शिवलेलं म्हणजे अगदी सुईदोऱ्यानं, घट्ट टाके घालून. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बांधणीवाल्याचा काहीतरी घोटाळा झालेला दिसतो. ब्लेड घेऊन बसणार एवढ्यात आत खोचलेली चिठ्ठी दिसली. 'दोरा तोडू नये. रविवारी सकाळी नऊला हजर राहून लढाई सांगावी. समाधान झाल्यास दोरा येथेच कापून मिळेल.'

वामनराव सबनीस आमच्या औषधांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. पिंपरीला कारखाना नुकताच उभा राहिला होता. कुंपणाबाहेर माळ, माळावर बाभळी, आणि क्वार्टर्सच्या भिंतींना अजून ओल्या चुन्याचा वास. मी टाइम ऑफिसात हजेरी लिहिणारा कारकून. पाचाचा भोंगा झाला की पुढे करायचं काय, हा प्रश्न साऱ्या वसाहतीला पडलेला असे. सबनिसांना तो कधीच पडला नाही. त्यांच्या खोलीत एक खाट, आतल्या आडोशाला एक स्टोव्ह आणि युद्धाच्या पुस्तकांनी भरलेल्या दोन ट्रंका होत्या. लग्न राहूनच गेलेलं. "मोहिमेच्या गडबडीत राहिलं," असं ते म्हणत. कुठली मोहीम, ते विचारायचं नाही.

स्वतः सबनीस सैन्यात कधीच नव्हते. तरुणपणी भरतीला गेले, तर डॉक्टरनं छातीभोवती टेप गुंडाळली आणि पुन्हा एकदा गुंडाळून खात्री करून घेऊन घरी पाठवलं. दिवाळीत कुणी लवंगी लावली तरी यांची बोटं कानांत. पण त्याबद्दल त्यांना मुळीच संकोच नव्हता. "आमच्या घराण्यात तलवार कुणीच धरली नाही," ते अभिमानानं सांगत. "पण किल्ल्यावर तलवारी किती आणि माणसं किती, हे हजेरी-हिशेब ठेवणाऱ्या सबनिसाला विचारल्याशिवाय किल्लेदाराला कळत नसे. तोफा सगळेच मोजतात हो, बाजरी कुणी मोजत नाही."

जगातली प्रत्येक लढाई स्टोअरकीपरचं न ऐकल्यामुळे हरली गेली, हा त्यांचा सिद्धांत. कुठल्याही पराक्रमाचं वर्णन ऐकलं की ते चष्मा कपाळावर चढवून विचारत, "ते ठीक, पण रसदेचं काय?" आमच्या एका सहकाऱ्यानं मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. तो बिचारा घाबरून आचारी बदलून आला.

ही पुस्तकं आली कुठून, तेही ऐकण्यासारखं आहे. इंग्रज गेले तेव्हा देहूरोड आणि खडकीच्या छावणीतल्या साहेबांनी मागे ठेवलेली पुस्तकं रद्दीत निघाली. सबनीस सायकल घेऊन दर सुट्टीला रद्दीच्या दुकानांतून फिरत आणि साहेबांच्या इंग्रजी पुस्तकांबरोबर मराठी बखरी, भाषांतरंही आणत. एकदा एक मोठा ग्रंथ हाती लागला, पण त्याचा निम्मा भाग आधीच एका फुटाणेवाल्याकडे गेला होता. सबनिसांनी फुटाणेवाल्याला गाठलं, तर तो कागद सुटा द्यायला तयार होईना. त्याच्या पुड्या वळून झाल्या होत्या. मग सबनिसांनी चार दिवस जेवणाऐवजी फुटाणे खाल्ले आणि फ्रेंच फौजेची रशियातून माघार पूर्ण केली. तरी ऐन बर्फातली तीन पानं कमी राहिली. "तिथं फौजेचे हाल झाले असं समजायचं," ते म्हणत. "आमचेही झालेच."

पुस्तक मागून मिळत नसे. ते सबनीस ठरवत, वैद्य नाडी पाहून पुडी देतो तसं. माझं नवं लग्न झालेलं होतं आणि एकदा दोन दिवस घरात अबोला होता. मी तोंडातून शब्द काढला नव्हता, पण डब्यात भाजीऐवजी नुसतं लोणचं पाहून त्यांनी काय ते ओळखलं. संध्याकाळी एका वेढ्याची हकिगत हातात ठेवली. "वाचा. वेढ्यात अडून बसणाऱ्याला वाटतं आपण जिंकतोय. पहिला निरोप कुणी पाठवायचा ते बावन्नाव्या पानावर आहे." मी बावन्नावं पान वाचलं आणि चिंचवडच्या बाजारातून गजरा घेऊन घरी गेलो. तह झाला.

आमच्या मंडळात मी धरून तिघंच वाचक. दुसरे गुलाबराव, कारखान्याच्या फाटकावरचे पहारेकरी. चिंचवड गावठाणातले, आणि खरोखर ब्रह्मदेशात लढून आलेले. तिसरे इब्राहिमभाई. मुंबई रस्त्यालगत त्यांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. मराठी चौथीपर्यंत शिकलेले, ओळीवर बोट ठेवून वाचणारे, पण वाचलेलं न विसरणारे. येईल त्या ट्रकवाल्याला "कल सुबह ले जाना" सांगायची त्यांना खोड होती. म्हणून सबनिसांनी त्यांना दोन आघाड्यांवर एकदम लढणाऱ्या राजाचं पुस्तक दिलं. इब्राहिमभाईंनी ते वाचून गॅरेजात पाटी लावली, 'एका वेळी दोनच गाड्या'. आठवडाभर पाळलीसुद्धा.

रविवारी परीक्षा असे. सबनीस फरशीवर रणांगण मांडत. चिंचोके म्हणजे पायदळ, सुपाऱ्या म्हणजे तोफा, उपडं पातेलं म्हणजे टेकडी आणि पंचा पसरला की नदी. आपण चिंचोके सरकवत लढाई सांगायची आणि सबनिसांनी उलटतपासणी घ्यायची. घोड्यांना पाणी कुठं पाजलं? ओढे किती? बाजारबुणगे कुठं होते? उत्तर चुकलं की, "आणखी एक आठवडा वाचा." दोरा तसाच. गुलाबरावांचा एक दोरा तर पाच रविवार तसाच राहिला होता.

एकदा गुलाबरावांच्याच पलटणीची लढाई निघाली. सबनिसांनी पुस्तकाबरहुकूम चिंचोके उजवीकडून पातेल्यावर चढवले. गुलाबराव खाली वाकून बघत होते.

"न्हाई ओ सायेब," ते म्हणाले. "आमी कुठं चढलो? आमी तीन दिस चिखलात बसून व्हतो. वर पोचलो तवा जपानी निघून गेल्यालं."

"पण इथं स्वच्छ लिहिलंय."

"लिव्हणारा व्हता का तितं?"

सबनिसांनी चष्मा कपाळावर चढवला. मला वाटलं, आता गुलाबराव नापास. पण सबनिसांनी सगळे चिंचोके मुकाट्यानं पातेल्यावरून उतरवून पंचाच्या कडेला, चिखलात आणून बसवले. मग अतिशय आदरानं विचारलं, "तीन दिवस खाल्लंत काय?"

इब्राहिमभाईंचे प्रश्न वेगळेच असत. "साहेब, ही तोफ इतकी लांब नेली. वाटेत आस मोडला असणारच. मग मिस्तरी कोण होता? त्याचं नाव पुस्तकात का नाही?" असा प्रश्न आला की सबनीस खूश होऊन त्यांचा दोरा परीक्षेविनाच कापत.

हे सगळं बिघडवलं ते मी. कारखान्यानं कामगारांसाठी वाचनखोली काढायची ठरवली आणि मला समितीवर घेतलं. समितीवर घेतलेल्या माणसाला काहीतरी करून दाखवायची खाज असते. कपाटं आली, खुर्च्या आल्या, पण पुस्तकं नव्हती. मी म्हटलं, हात्तिच्या, त्यात काय! गेलो सबनिसांकडे. पुस्तक फिरलं पाहिजे, पडून राहिलेलं पुस्तक म्हणजे गंजलेली बंदूक, असं त्यांचंच म्हणणं होतं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे लोक तिथं जाऊन वाचणार?"

"हो. खुर्चीवर बसून, पंख्याखाली."

"आणि इथं?"

"इथं तुम्हाला दर रविवारी त्रास कशाला?" मी मोठ्या उदारपणे म्हटलं.

सबनीस खिडकीबाहेर माळाकडे बघत राहिले. "बरोबर आहे," ते म्हणाले, आणि कात्री घेऊन बसले. चाळीस पुस्तकांचे दोरे त्यांनी एका बैठकीत कापले. मी ओढून काढलेले टाके गोळा करत होतो आणि मनात समितीपुढच्या भाषणाची जुळवाजुळव करत होतो. माझ्याइतका ठोंब्या माणूस त्या दिवशी साऱ्या पिंपरीत नसेल.

वाचनखोली झोकात सुरू झाली. लोक पुस्तक उघडून थेट शेवटचं पान वाचायचे, कोण जिंकलं ते बघायचे आणि वर्तमानपत्राकडे वळायचे. सबनीस एकदा येऊन गेले. सगळी पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली पाहून तसेच परत गेले.

आणि आमचं जाणं सुटलं. भांडण नाही, तंटा नाही. पण आपल्याकडे एखाद्याच्या घरी जायला काहीतरी निमित्त लागतं. हातात परत करायचं पुस्तक असलं की पाय आपोआप वळायचे. पुस्तक गेलं, पाय थांबले. सबनीस कामावर दिसत, नमस्कार होई, सामानाची पावती मिळे. सहा रविवार असे गेले.

सातव्या रविवारी एका ग्रंथाचा नकाशा सापडेना म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. फरशीवर रणांगण मांडलेलं होतं. सबनीस पंचाच्या अलीकडे बसून दोन चिंचोके सरकवत, मग उठून, फेरा घालून पलीकडे जाऊन बसत आणि तिकडून विचार करत. मी आलो हे त्यांना कळायला वेळ लागला.

"जमत नाही," ते ओशाळं हसून म्हणाले. "पलीकडच्या सेनापतीचा डाव मला आधीच कळतो."

नकाशा ट्रंकेच्या तळाशी मिळाला. मी निघताना सहज म्हणालो, "वाचनखोलीतल्या पुस्तकांना दोरा नाही, त्यामुळे शेवट सगळ्यांना आधीच कळतो. गंमत गेली."

"शेवट लपवायला दोरा नव्हता हो, कुलकर्णी," सबनीस म्हणाले. "पानिपतात कोण हरलं, हे काय गुपित आहे? शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दोरा असला की माणसाला परत यावं लागायचं. माणसं यायची."

खरं सांगायचं तर रडू आलं, आणि नकाशाची घडी नीट घालायच्या निमित्तानं मी ते लपवलं. तिथून निघालो तो तडक गॅरेजात गेलो.

इब्राहिमभाई ट्रकखाली होते. माझं बोलणं ऐकून सरपटत बाहेर आले. "अरे, मग बोलायचं ना! ती खोली कंपनीवाल्यांची, आपल्याला आत घेत नाहीत. मला वाटलं, साहेबांना आता मोठे लोक मिळाले. आपण तेलकट कपड्यांनी कशाला जायचं?"

गुलाबराव फाटकावर होते. "जावंसं लई वाटायचं," ते म्हणाले. "पन मोकळ्या हातानं कसं जायाचं? पुस्तक न्हाई, काय न्हाई."

"मोकळ्या हातानंच जायचंय," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी नऊच्या ठोक्याला आम्ही तिघं दारात उभे राहिलो. सबनिसांनी दार उघडलं आणि सवयीनं आमच्या हातांकडे पाहिलं.

"पुस्तक?"

"नाही," मी म्हटलं.

"मग काय काम काढलंत?"

याचं उत्तर ठरवून यायचं आम्हा तिघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. इतक्या लढाया वाचून ही आमची तयारी. शेवटी इब्राहिमभाई म्हणाले, "काम काहीच नाही, साहेब. नुसते आलो."

सबनीस दारातून बाजूला झाले. मग "बसा, चहा टाकतो," म्हणून घाईघाईनं आतल्या बाजूला गेले.

आम्ही बसलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. चहा येईना. इब्राहिमभाई उठून आत डोकावले आणि पावलं न वाजवता परत येऊन बसले. बिघडलेलं यंत्र दिसलं की हात घातल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, तो हा माणूस.

"स्टोव्ह पेटत नाही म्हणतात," ते हळूच म्हणाले. "जरा दम धरा."

स्टोव्हचा भर्रर्र आवाज बाहेर चांगला ऐकू येत होता. गुलाबराव खिडकीतून माळाकडे बघू लागले. मीही बघू लागलो. चहाची घाई कुणालाच नव्हती.