पहिल्या रांगेतला सोफा

शनिवारी सकाळी संपादक सासऱ्यांची खुर्ची डोक्यावर घेऊन घराबाहेर पडले, तरी मागून सासऱ्यांच्या सूचना चालूच होत्या.

"जावईबापू, पाय वर धरा. खुर्चीचे म्हणतोय मी, तुमचे नाही!"

"हो बाबा."

"आणि अगदी पहिल्या रांगेत ठेवा. बासरीवाल्यासमोर. ड्रमवाल्यासमोर ठेवलीत तर मी तसाच माघारी येईन."

संपादक म्हणजे काही वर्तमानपत्राचे संपादक नव्हेत. ते नगरपालिकेच्या पाणीपट्टी विभागात कारकून होते. पण दर उन्हाळ्यात नगरपालिका 'उन्हाळी वार्ता' नावाचं चार पानी पत्रक घरोघर वाटत असे. पोहण्याचे वर्ग, वाचनालयाच्या बदललेल्या वेळा, कुत्र्यांचं लसीकरण असा सगळा मजकूर जमवून छापून आणायचं काम कुणालाच नको होतं, म्हणून ते यांच्या गळ्यात पडलं होतं. 'संपादक' हे नाव आधी चेष्टेनं पडलं आणि मग सवयीनं टिकलं.

सासरे जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. उन्हाळ्यात लेकीकडे राहायला येताना ते स्वतःची खुर्ची बरोबर आणत. सरळ पाठीची, लाकडी, हात नसलेली. दुसऱ्यांच्या खुर्च्या माणसाचा कणा वाकवतात, असं त्यांचं मत होतं. ही खुर्ची घरातल्या एकुलत्या एका हवेशीर खिडकीपाशी मांडली जाई आणि तिच्यावर दुसऱ्या कुणी बसायचं नाही असा नियम होता. त्यामुळे उन्हाळाभर संपादक हवा खायला जिन्यात बसत.

आज संध्याकाळी बागेत अग्निशमन दलाच्या बँडचा कार्यक्रम होता. 'नागरिकांनी आपापल्या खुर्च्या सकाळीच बागेच्या फाटकापाशी आणून ठेवाव्यात,' असं संपादकांनी स्वतःच पत्रकात लिहिलं होतं. फाटकापाशी पोहोचल्यावर त्यांना भरूनच आलं. काय तो प्रतिसाद! खुर्च्या होत्या, स्टुलं होती, बाकं होती. एक गृहस्थ तर पाठीवर गादी घेऊन आले होते.

"कुठं ठेवू?" त्यांनी विचारलं.

"ठेवा की इथंच. गादी आणलीत? वा!"

"जुनी झालीय हो. म्हटलं, आज काढावीच बाहेर."

"बरं केलंत. असल्या कार्यक्रमाला जुनीच बरी."

गृहस्थांनी संपादकांकडे जरा चमत्कारिक नजरेनं पाहिलं आणि ते गेले. तेवढ्यात दोन हमालांनी हातगाडीवरून एक भलामोठा हिरवा सोफा उतरवला.

"हा कुणाचा?" संपादकांनी विचारलं.

"नाव सांगू नका म्हणाल्यात बाई."

लोक किती साधे असतात, असं मनाशी म्हणत संपादकांनी सगळं सामान रांगेत लावलं, सासऱ्यांची खुर्ची मधोमध ठेवली आणि शीळ घालत ते घरी आले.

बायको शिवणकाम करायची. जमिनीवर बसून ती फ्रॉकची बाही बेतत होती आणि त्यासाठी तिनं 'उन्हाळी वार्ता'चं तिसरं पान पसरलं होतं. कात्री मध्येच थांबली.

"अहो, कचरागाडी आज आहे का हो?"

"असेल. का?"

"तुम्हीच छापलंय. 'घरातलं जुनं, निरुपयोगी फर्निचर शनिवारी सकाळी बागेच्या फाटकापाशी आणून ठेवावं. गाडी येऊन घेऊन जाईल.'"

संपादकांनी चहाचा कप खाली ठेवला. ही बातमी कचरा विभागानं एका आठवड्यात दिली होती आणि बँडची अग्निशमन दलानं दुसऱ्या. संपादकांनी दोन्ही शुद्धलेखन तपासून छापल्या होत्या. दोन्हींत एकही चूक नव्हती.

"खुर्ची?" बायकोनं खालच्या आवाजात विचारलं. खिडकीपाशी जमिनीवर चटई टाकून सासरे बसले होते. त्यांना एवढंच ऐकू आलं.

"काय झालं खुर्चीला?"

"काही नाही बाबा! हे जरा ऊन लागतंय का बघून येतायत तिला!"

संपादक धावत फाटकापाशी आले, तर तिथं झाडलोटसुद्धा झाली होती. बागेचा राखणदार कौतुकानं म्हणाला, "गाडीवाला खूश होता बघा. म्हणाला, एवढा टापटिपीनं मांडलेला कचरा जन्मात बघितला नाही."

कचरा डेपोत गाडीचा ड्रायव्हर सावलीत डबा खात बसला होता. मागे खुर्च्यांचा डोंगर उभा होता.

"सगळं परत न्यायला लागेल," संपादक धापा टाकत म्हणाले. "त्यातल्या निम्म्या खुर्च्या लोकांच्या चालू खुर्च्या आहेत. गाणं ऐकायला ठेवलेल्या."

"बरं. मग कचऱ्याच्या कुठल्या आणि गाण्याच्या कुठल्या, ते दाखवा. भरतो."

संपादक डोंगराभोवती फिरले. एक फेरी झाली, दोन झाल्या. लोकांनी टाकून दिलेल्या खुर्च्या आणि लोक रोज ज्यांच्यावर बसतात त्या खुर्च्या, यांत काडीचाही फरक दिसेना. उलट ज्या त्यांना हमखास कचऱ्यातल्या वाटल्या, त्यांतली एक त्यांच्या साहेबांची निघाली.

"सगळंच भरा," ते शेवटी म्हणाले.

"गादीपण?"

"गादीपण. सोफापण. काही मागं ठेवू नका."

गाडी भरली, पण सासऱ्यांची खुर्ची काही दिसेना. ड्रायव्हरनं डोकं खाजवलं. "सरळ पाठीची? लाकडी? ती फाटकावरच मांडववाल्यानं मागून घेतली. नगराध्यक्षांना स्टेजवर बसायला खुर्ची नव्हती म्हणे."

बागेत येऊन पाहतात तो खरंच, स्टेजच्या मधोमध सासऱ्यांची खुर्ची होती. तिच्यावर पांढरी चादर घातली होती आणि पाठीला लाल फीत बांधली होती.

"ही आमची आहे," संपादक म्हणाले.

"आता नगराध्यक्षांची आहे," मांडववाला म्हणाला आणि त्यानं फितीची गाठ आणखी घट्ट केली.

संध्याकाळी लोक आले आणि बागेत एकच गलका झाला. आपण सकाळी टाकून दिलेली वस्तू पहिल्या नाही तर दुसऱ्या रांगेत बघून लोक दचकत होते. "अहो, ही आपलीच ना?" "गप्प बस. ओळख दाखवू नकोस!" गादीवर पाचसहा अनोळखी माणसं मजेत लोळत होती.

सासरे काठी टेकत लेकीबरोबर आले. "जावईबापू, कुठाय माझी खुर्ची?"

"बाबा, आजच्या दिवस इथं बसता का?" संपादकांनी हिरवा सोफा दाखवला.

सासऱ्यांनी सोफ्याकडे जमिनीचा वादग्रस्त तुकडा बघावा तसं बघितलं. मग ते बसले. बसले म्हणजे आत गेले. गुडघे वर आले, पाठ मागे गेली, काठी हातातून सुटली. बायकोनं डोळे मिटून घेतले. आता ओरडतील, मग ओरडतील, म्हणून दोघं वाट बघत राहिले. बऱ्याच वेळानं सोफ्यातून एक लांब सुस्कारा ऐकू आला.

"चाळीस वर्षं," सासरे म्हणाले, "मी उगाच ताठ बसलो."

नगराध्यक्ष भाषणाला उठले. त्यांचं भाषण म्हणजे मोठं प्रकरण असे. माहीतगार लोक जेवूनच येत. "बंधू-भगिनींनो," त्यांनी सुरुवात केली, चष्मा पुसला, पहिल्या रांगेकडे पाहिलं आणि ते थांबले. मग कागद हातात तसेच धरून ते स्टेजवरून उतरले आणि थेट सासऱ्यांसमोर येऊन उभे राहिले.

"हा माझा सोफा आहे."

"असेल," सासरे म्हणाले. "आणि तुम्ही बसला होता ती माझी खुर्ची."

नगराध्यक्षांनी मागच्या रांगेतल्या आपल्या बायकोकडे पाहिलं. बाईंना अचानक झाडांमध्ये फार रस निर्माण झाला होता.

"कापड बदलायला दिलाय म्हणालीस ना?"

"दिवसभर त्याच्यातच रुतून बसायचात तुम्ही," बाई झाडाकडे बघत म्हणाल्या. "मग काय करू?"

संपादकांची नोकरी, सासरे आणि अब्रू, तिन्ही एकाच सोफ्यावर येऊन ठेपली होती. नगराध्यक्ष म्हणाले, "तुमची खुर्ची पाठीला फार टोचते हो."

"मलाही टोचायची," सासरे म्हणाले.

"जरा सरकता का?"

सासरे सरकले. नगराध्यक्ष बसले आणि आत गेले. भाषण संपलं असं समजून लोकांनी इतक्या आनंदानं टाळ्या वाजवल्या की बँडवाल्यांना तीच खूण वाटली आणि त्यांनी वाजवायला सुरुवात केली. ड्रम नेमका सोफ्यासमोर होता. दोघांपैकी एकाचीही झोप मोडली नाही.

सोमवारी नगराध्यक्षांनी संपादकांना केबिनमध्ये बोलावलं. रविवारी संध्याकाळी सासरे त्यांच्याकडे गेले होते आणि सोफ्यावर बसून दोघांनी रात्रीच्या जेवणापर्यंत गप्पा मारल्या होत्या, एवढं संपादकांना ठाऊक होतं. सासऱ्यांनी तिथं काय काय सांगितलं असेल, याचा मात्र त्यांना अंदाज नव्हता.

"पत्रकाचं मी बघितलं," नगराध्यक्ष म्हणाले.

"साहेब, त्याचं असं झालं..."

"ते जाऊ द्या. तुमचे सासरे किती दिवस आहेत?"

"पंधरा तारखेपर्यंत. तिकीट काढलंय परतीचं."

नगराध्यक्ष गंभीर झाले. "रद्द करा. ते येतात म्हणून आमची ही तो सोफा घरात ठेवतेय. पाहुण्यासमोर बाहेर काढता येत नाही ना!"

संपादक घरी आले. सासरे कधीच नगराध्यक्षांकडे निघून गेले होते. खिडकीपाशी मोकळी हवा येत होती. संपादकांनी तिथं चटईवर बसकण मारली, पाय लांब केले आणि बायकोला हाक मारली.

"अगं, ऐकलंस का? बाबांना म्हणावं, एवढी घाई कसली करताय जायची? राहा की अजून महिनाभर!"

बायकोच्या हातातली कात्री गळून पडली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य तिनं त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं होतं.