मंगळवारी बँकेच्या बाजूने

महादेवराव झाडे आठवड्याचे सहा दिवस आमच्या बँकेच्या विरुद्ध असत आणि मंगळवारी बँकेच्या बाजूने. हे सगळ्या हिंगणघाटाला ठाऊक होतं. मंगळवारी बाजारात कुणी विचारलं, "काय झाडेबुवा, बँकेचं काय झालं?" तर ते गंभीर होऊन म्हणत, "आज नोको विचारू बाप्पा. आज बँकेचंच बरोबर हाय."

जिनिंगच्या रस्त्यावर त्यांचं सरकीच्या ढेपेचं, म्हणजे गुरांच्या पेंडीचं, दुकान होतं. वय पन्नाशीच्या पुढचं, पांढरं धोतर, काळी टोपी, आणि कोटाच्या वरच्या खिशात आमच्या बँकेचं एक पत्र. घड्या घालून घालून ते पत्र चार ठिकाणी फाटलं होतं. त्यांनी ते डिंकानं चिकटवलं होतं.

भानगड अशी. बँकेने त्यांना ओव्हरड्राफ्ट दिला होता, म्हणजे खात्यात पैसे नसले तरी दोन हजारांपर्यंत उचलता यायचे. एकदा त्यांनी दिलेला चेक आला आणि खातं मर्यादेच्या चार रुपये सहा आणे वर गेलं. बँकेने चेक वटवला आणि मर्यादा ओलांडल्याबद्दल पाच रुपये आकार लावला. महादेवरावांच्या खिशातलं पत्र त्याच पाच रुपयांचं.

मी तेव्हा बँकेत नवा कारकून होतो, अजून कायम व्हायचा. रोज अकराच्या ठोक्याला महादेवराव माझ्या खिडकीशी येत.

"लोखंडेबाबू, म्हशीनं शिंगभर कुंपण ओलांडलं, तं तुम्ही म्हैसच ठेवून घेता काय?"

"नियम आहे, महादेवराव."

"मंग चेक परत काऊन नाई केला? दार तुम्हीच उघडलं, मले आत घेतलं, आन् आता उंबरठा ओलांडला म्हणून पैसे मांगून राह्यले!"

मी खातेवहीत डोकं घालायचो. ते तपकिरीची चिमूट ओढत, रांगेतल्या माणसाला "तुमाले काय वाटते?" असं विचारत आणि त्याचं मत एका वहीत लिहून घेत. न्हावी, पोस्टमन, शाळेतले हेडमास्तर, गिरडच्या दर्ग्याला निघालेले दोन अनोळखी म्हातारे, सगळ्यांची मतं त्या वहीत होती. सगळी त्यांच्याच बाजूची. यानं त्यांना बेचैन वाटायला लागलं. बँकेकडून कुणीच बोलत नाही, हा काही न्याय झाला नाही. तेव्हापासून मंगळवार त्यांनी बँकेला दिला. त्या दिवशी ते माझ्या खिडकीशी येऊन मलाच बँकेची बाजू समजावून सांगत, आणि खरं सांगतो, आमच्या मॅनेजरपेक्षा चांगली सांगत. "बाबू, एकाले सोडलं तं उद्या सारं गाव कुंपण ओलांडते. मंग बँक कोनाच्या भरवशावर चालन?" बुधवारी पुन्हा म्हैस.

सगळे हसत. मी हसत नव्हतो. कारण तो चेक मीच वटवला होता. मर्यादेबाहेरचा चेक मॅनेजरची सही झाल्याशिवाय आणि खातेदाराला कळवल्याशिवाय वटवायचा नाही, असा नियम होता. त्या दिवशी गर्दी होती, मी खातेवही नीट पाहिली नाही. संध्याकाळी चूक लक्षात आली, तेव्हा गुपचूप आकार लावून मोकळा झालो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

शेवटी महादेवरावांनी नागपूरच्या मोठ्या कचेरीला पत्र लिहिलं आणि एक तपासणीचे साहेब आले. मॅनेजरच्या खोलीत महादेवरावांना खुर्ची दिली, मला दाराशी उभं केलं. महादेवराव टोपी सरळ करून बोलले, आणि असे बोलले की साहेबांनी चष्मा काढून ठेवला.

"तुमचं म्हणणं पटण्यासारखं आहे," साहेब म्हणाले. "पाच रुपये परत मिळतील. फक्त एक सांगा. चेक वटवण्याआधी तुम्हाला कुणी कळवलं होतं का? नसेल, तर या कारकुनाचं काय करायचं ते मला पाहावं लागेल."

माझ्या हातातली फाईल खाली पडली. कागद गोळा करताना मी वर पाहिलं, तर महादेवराव माझ्याकडेच बघत होते. मग त्यांनी खिशातलं पत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"कळवलं होतं," ते म्हणाले. "हा पोरगा दुकानात आला होता. मीच म्हणलं, होऊ दे, पाहून घेऊ. मी इसरलोच होतो पाहा. पैसे राहू द्या."

साहेबांनी 'तक्रार मागे घेतली' असा शेरा लिहिला. मॅनेजर हसले. सहा महिन्यांची मतांची वही बगलेत मारून महादेवराव निघून गेले.

बँक सुटल्यावर मी दुकानात गेलो आणि पाच रुपयांची नोट पुढे केली. ते चिडले.

"ठेवा ते! आकार चुकीचाच हाय, आजही चुकीचाच हाय. पन मी न्याय मांगाले गेलतो, कोनाची भाकर मांगाले नाई."

बाहेर गाडीवाले ढेप लादत होते.

"आता उद्या अकरा वाजता काय करणार?" मी उगाच विचारलं.

त्यांनी तराजूची गुंतलेली साखळी सोडवली. मग म्हणाले, "खानावळीत जेवता ना तुम्ही? चाला घरी. भाजी करून ठेवली हाय."

घर दुकानामागेच होतं. दोन खोल्या, एक चूल. बायको जाऊन सात वर्षं झाली होती, हे मला तिथे कळलं. चुलीपाशी एक पाट मांडलेला होता. दुसरा त्यांनी माळ्यावरून काढला, त्यावरची धूळ आधी हातानं, मग धोतराच्या सोग्यानं पुसली, पुन्हा एकदा पुसली.

"बसा," ते म्हणाले. "जरासा डुगडुगते, पन बसा."

मी दोन तास बसलो. बँकेचा विषय दोघांपैकी कुणीच काढला नाही.