आप्पांचा अकरावा दिवा

दिवेलागणीनंतर आप्पांकडे गेलात, तर फाटकातून दोनदा आत यावं लागतं. पहिल्यांदा तुम्ही आलात म्हणून, आणि दुसऱ्यांदा फाटकावरचा दिवा वेळेवर लागतो की उशिरा, हे आप्पांना पाहायचं असतं म्हणून. "सर, जरा मागं व्हा. अजून. हां, आता या." तुम्ही निमूटपणे पुन्हा आत येता, डोक्यावर भक्कन उजेड पडतो आणि आप्पा तुमच्याकडे न बघता दिव्याकडे बघून मान डोलावतात. चहा नंतर मिळतो. मी समोरच राहतो आणि शाळेत मास्तर आहे, त्यामुळे असल्या कवायतीची मला सवय आहे.

रंगनाथआप्पा वाळूजच्या एका कारखान्यात फिटर होते. कारखान्यानं त्यांना निवृत्त केलं, त्यांनी मात्र कारखान्याला सोडलेलं नाही. आमची वस्ती शेंद्र्याच्या बाजूला. शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटांवर घरं उभी राहिली, रस्त्यावरचे दिवे तेवढे अजून यायचे आहेत. अशात कुणीतरी आप्पांना उन्हावर चालणारा आणि माणूस हलला की लागणारा दिवा दाखवला. त्या दिवसापासून ते पुन्हा कामावर रुजू झाले.

"वायर नाय, बटण नाय," ते सांगतात. "दिवसा ऊन खातो अन् रातच्याला ड्युटी करतो. रजेचा अर्ज नाय. असा कामगार मला उभ्या नोकरीत भेटला नाय."

बघता बघता घराभोवती दहा दिवे झाले. रोज सकाळी आप्पा स्टुलावर चढून जुन्या बनियनच्या फडक्यानं दिव्यांच्या काचा पुसतात. चार नंबरवर सावली पाडतो म्हणून कडुलिंबाशी त्यांचं वाकडं आहे. एकदा संध्याकाळी पाहतो तर आप्पा अंगणात चक्क चार पायांवर रांगत होते.

"आप्पा, काय करायलात?"

"मांजर व्हायलोय," ते न थांबता म्हणाले. "मांजराला दिवा लागला नाय पायजे, माणसाला लागला पायजे. तुमी हलू नका."

दिवा लागला. आप्पा गुडघे झाडत उठले आणि वैतागून म्हणाले, "ह्याला अजून मी माणूसच वाटायलोय." आप्पांची बायको, म्हणजे आमच्या काकू, दारातून म्हणाल्या, "त्याला एकट्यालाच वाटत असंल."

या माणसाच्या आयुष्यातलं एकच यंत्र दुरुस्त होत नव्हतं. शेजारच्याच घरात त्यांचा धाकटा भाऊ दामू राहतो. मधे कमरेएवढी भिंत, आणि त्या भिंतीवरून चार वर्षांत एक शब्द इकडून तिकडे गेलेला नव्हता. कारण लग्नाची पत्रिका. दामूच्या मुलीच्या लग्नात पत्रिकेवर आप्पांचं नाव मुलीच्या मामाच्या खाली छापलं गेलं. थोरल्या चुलत्याचं नाव मामाच्या खाली, म्हणजे आमच्याकडे पानिपतच. आप्पा लग्नात जेवले नाहीत. दामूनंही मग विचारलं नाही. दोघंही मला भेटत, दोघंही दुसऱ्याची तब्येत आडून आडून विचारत आणि "आपल्याला काय करायचंय" असं वर म्हणत.

यंदा पावसाळ्यात दामूची बायको लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली आणि दामू घरात एकटा राहिला. त्याच आठवड्यात आप्पांनी अकरावा दिवा लावला. तो बसवला मधल्या भिंतीच्या कोपऱ्यात, उंच पाइपावर, आणि तोंड दामूच्या घराकडं करून. दामू शेतावरून परतला की त्याच्या घराच्या पायऱ्यांवर लख्ख उजेड पडायचा.

"आप्पा, हा उलटा का बसवला?" मी विचारलं.

"चोर तिकडून येतो."

"तिकडं तर दामू राहतो."

"चोराला भाऊबंदकी कळत नाय, सर."

मला ते चांगलं झोंबलं. सख्ख्या भावाच्या दारावर पहारा? दामूही भडकला. "आमच्यावर पाळत ठेवायलाय व्हय? पत्रा ठोकतो भिंतीवर, मग बघू कुणाला दिसतं ते." त्यानं खरोखर पत्रे आणले आणि भिंतीला टेकवून ठेवले. पितृपक्षात नको, नवरात्रात नको, दसरा झाला की ठोकतो, असं त्यानं मला सांगितलं. पत्रे उभे राहिले की या दोन घरांत बघण्यापुरतंही काही उरणार नव्हतं, आणि मला आप्पांचा मनापासून राग आला होता.

दसऱ्याला आप्पांनी सकाळीच पाना-पक्कड, स्कूटर यांची पूजा केली. कामगाराला देव मानणारा माणूस तो, दिवे कसे वगळणार? अकराही दिव्यांना झेंडूचं फूल, हळद आणि ओलं कुंकू. संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन मी गेलो. फाटकातून आत आलो, अंधार. सवयीनं मागं होऊन पुन्हा आलो, अंधारच.

आप्पा बाहेर आले. दोन नंबर बंद, तीन नंबर बंद. त्यांनी टाचा उंचावून पाहिलं. दिव्याच्या पुढं जो पांढरा डोळा असतो, ज्यानं त्याला माणूस कळतो, नेमका त्याच्यावरच त्यांनी भक्तिभावानं कुंकवाचा जाड टिळा लावला होता. मला हसू आवरेना. आप्पांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी मावळतीकडं पाहिलं.

"दामू येईल आता," ते म्हणाले, आणि फडकं, स्टूल घेऊन थेट अकराव्या दिव्याकडं पळाले. फाटकाचा दिवा तसाच राहिला.

मी काकूंकडं पाहिलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "भावजींना ल्हानपणापासून दिवेलागणीनंतर दिसत नाय. कुणाला सांगत नायत. घरात बल्ब हाय, पण बटण आत अन् पायऱ्या भायेर. जाऊबाई होत्या तवर त्या लावायच्या."

मला माझी लाज वाटली. दोन महिने मी हा दिवा पाहत होतो आणि त्यात मला फक्त भांडण दिसलं होतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. "वैनी, आप्पा बरा हाय ना?"

आप्पा स्टुलावर, हातात फडकं. दामू पलीकडं पायऱ्यांच्या खाली उभा. दोघांत दोन हातांचं अंतर होतं, पण अंधारात दामूला ते कळत नव्हतं.

"का हो भावजी?" काकूंनी विचारलं.

"दिवा लागला नाय. म्हटलं, सणासुदीला आप्पाला काय झालं का."

मग आप्पांनी घसा खाकरला. "कुंकू लागलंय त्याला. पुसायलोय."

दामू भिंतीला हात लावत लावत वळसा घालून फाटकातून आत आला. खिशातून आपट्याची पानं काढली, अंदाजानं वाकून स्टुलावरून उतरलेल्या आप्पांचे पाय शोधले. "सोनं घे, आप्पा. त्या पत्रिकेचं..."

"छापणाऱ्याची चूक व्हती," आप्पा घाईनं म्हणाले. "चार वर्षं झाली, तू अजून तेच धरून बसलास व्हय?"

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. दामूनं पुण्याहून आलेला नातीचा फोटो मोबाइलवर दाखवला. आप्पांनी तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, आणि नाक आपल्याच घराण्याचं आहे असा निर्वाळा दिला. मग ते दामूला घरी पोचवायला निघाले.

अकरावा दिवा पुसून झाला होता. दोघं पायऱ्यांपाशी जाताच तो लागला, पायरीवरची मुंगीसुद्धा दिसेल इतका. आप्पांनी तरीही दामूचा हात शेवटच्या पायरीपर्यंत सोडला नाही.