कोहळा, चाकू आणि सासरेबुवा

“यंदा खंडेनवमीला घरात खरंखुरं शस्त्र पुजलं जाणार! आणि कोहळासुद्धा मीच कापणार!”

निशिकांतने अशी गर्जना केली, तेव्हा सिंगापुरातल्या बिशानच्या त्या फ्लॅटमध्ये कुणी दचकलंबिचकलं नाही. बायकोने, म्हणजे सुचित्राने, पोळी उलटली. लेकीने, इराने, फोनमधून मानही वर केली नाही. फक्त पुण्याहून महिनाभरासाठी आलेले सासरे, माधवराव, पेपर खाली ठेवून म्हणाले, “राहू द्या हो निशिकांतराव, बोटबिट कापून घ्याल!”

झालं! ह्या ‘राहू द्या’साठीच तर सगळा खटाटोप होता. माधवरावांनी जन्मभर आयटीआयमध्ये पोरांना फिटरचं काम शिकवलेलं. आल्या दिवसापासून त्यांनी गळका नळ, मिक्सरचं झाकण, कुरकुरणारा पंखा, सगळं ताळ्यावर आणलं होतं. मदतीला म्हणून जावयाने पाना उचलला रे उचलला, की “राहू द्या!” अहो, जावई जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात इंजिनियर! तिथे त्याच्या सहीशिवाय पंप हलत नाही, आणि घरात त्याला बल्ब बदलायची परवानगी नाही! माणसाने तोंड दाखवायचं कुठे?

म्हणून त्याने चाकू मागवला. जुन्या घडणीचा, घडीचा. लाकडी मूठ, पोलादी पातं, आणि गळ्याशी एक कडी. ती फिरवली की पातं टक्कन पक्कं! निशिकांत पहिल्याच भेटीत विरघळला. त्याने मूठ हुंगली, गालाला लावली. मग चाकूने चाकूचंच खोकं कापलं, बिल कापलं, टोमॅटोच्या अशा पातळ चकत्या केल्या की पलीकडचं दिसावं. तरी समाधान होईना, म्हणून धार बघायला डाव्या हातावरचे केस भादरले. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये शेजारच्या प्रबोधने काळजीने विचारलं, “नायटा झालाय का रे?”

“धार आहे ती, धार! खंडेनवमीला ये जेवायला, दाखवतो!”

खंडेनवमी उजाडली. आता शस्त्र म्हटलं की आधी स्नान आलंच. निशिकांतने भक्तिभावाने चाकू मिटला, वाडगाभर पंचामृतात बुडवला, आणि टेक्का मार्केटमधून कोहळा आणायला गेला. दुपारी तो कोहळा पोटाशी धरून एमआरटीच्या गाडीने परतला, तोवर चाकू दुधातुपातच डुंबत होता.

पूजा झाली. हळदकुंकू लागलं, आरती झाली. प्रबोध आणि त्याची बायको अरुणा सरसावून बसले. निशिकांतने पात्याच्या खाचेत नख घातलं आणि ओढलं.

पातं हलेना.

पुन्हा ओढलं. नख तुटलं. लाकडाने सकाळभर दूध, दही, मध पिऊन असं काही अंग धरलं होतं, की पातं मुठीत चिणून बसलं होतं!

“पपा, कॅन ऑर कॅनॉट?” इराने विचारलं.

“कॅन! नवीन आहे ना, लाजतोय जरा!” असं म्हणत निशिकांत खोबरेल तेलाची बाटली घेऊन बाथरूममध्ये शिरला आणि त्याने आतून कडी लावली.

थोड्या वेळाने आतून आवाज येऊ लागले. “हंऽऽ! अंऽऽ! ये रे बाबा! थोडंच राहिलंय, ये!”

अरुणाने नजर खाली घातली. प्रबोध हळूच म्हणाला, “वहिनी, इसबगोल आहे का घरात?” सुचित्राला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तेवढ्यात आतून “आई गं!” आणि धप्प! मग सगळं चिडीचूप.

“निशिकांतराव!” माधवराव उठले. उत्तर नाही. “अहो निशिकांतराव!” तरी उत्तर नाही. म्हातारा मागे सरला आणि त्याने दाराला खांदा दिला. दार प्लॅस्टिकचं, दुमडणारं. ते चौकटीतून निघालं आणि माधवरावांना घेऊन आत कोसळलं!

आत निशिकांत तेलात उताणा पडला होता. कपाळाला गंध, दातांत चाकू. उत्तर देणार कुठून?

“लागलं का हो?” दारावरूनच माधवरावांनी विचारलं.

निशिकांतने चाकू तोंडातून काढला. “नाही बाबा. पण उघडत नाहीये हा. एकदा तरी तुमच्यासमोर काहीतरी नीट करून दाखवावं, एवढंच वाटत होतं हो!”

माधवरावांनी चाकू घेतला, हुंगला. “पंचामृत?”

“सकाळपासून.”

म्हातारा असा हसला की डोळ्यांतून पाणी आलं. हसणं ओसरल्यावर त्याने स्वतः ओढून पाहिलं. नख तुटलं!

कोहळा सुचित्राने स्वयंपाकघरातल्या सुरीने कापला. सासरे-जावयांनी मिळून दार बसवलं. जावयाने दार धरलं, एवढीच त्याची मजल. चाकू तांदळाच्या डब्यात सुकत पडला. रोज सकाळी दोघं चहाआधी तो काढून बघत. “आज?” “छे!” माधवरावांच्या परतीच्या आदल्या दिवशी मात्र तो टक्कन उघडला, आणि दोघं असे ओरडले की शेजारची चिनी आजी दार उघडून बाहेर आली!

निशिकांतने पेरू घेतला. पहिली फोड कशी देखणी निघाली! दुसऱ्या फोडीला बोट कापलं.

निशिकांतने मान खाली घातली आणि चाकू सासऱ्यांपुढे केला. माधवरावांनी तो बाजूला ठेवला, जावयाच्या बोटाला पट्टी बांधली, तिच्यावर हलकी फुंकर घातली. मग चाकू पुसून मूठ पुन्हा त्याच्याच हातात दिली.

“कापा, निशिकांतराव, बिनधास्त कापा. अजून नऊ बोटं आहेत!”