माइकचं तोंड कुणीकडे

आटपाट तळं होतं. तळ्याकाठी ताउनो नावाचा एक अबोल नावाडी राहायचा. त्याला एक बोलकी बायको होती आणि राइया नावाची एक लेक, ती दूर हेलसिंकीत नांदायची. बोलकी बायको म्हणजे मीच, आइली. ताउनो हामे प्रांतातला. तिकडची माणसं शब्द असे जपून वापरतात, जणू एकदा संपले की दुकानात मिळायचे नाहीत. मी पडले सावोची. आमच्याकडे नुसती वेळ विचारली तरी घड्याळ कुणाच्या लग्नात आलं तिथून सुरुवात होते.

राइयाला उशिरा मूल झालं. हेल्मी. नाकीडोळी गोड, पण झोपेशी जन्माचं वैर. झोळीत घाला, खांद्यावर घाला, मोटारीत घालून गावभर फिरवा, डोळे टक्क उघडे. एक दिवस राइया फोनवर बोलता बोलता रडायलाच लागली.

"बाबा, तू मला ते होडीचं गाणं म्हणायचास ना, ते म्हण हिच्यासाठी. माझ्याच्यानं आता उभंसुद्धा राहवत नाही."

ताउनोनं फोनवर गाणं म्हटलं. हेल्मीनं असा टाहो फोडला की आमचं मांजर सरपणाच्या मागे गेलं. फोनमधून त्याचा आवाज पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवल्यासारखा येत होता म्हणे.

"चांगला माइक घे आणि नीट रेकॉर्ड करून पाठव," राइया नाक ओढत म्हणाली. "महागातला नको हं."

सरळ जाऊनच गायलं असतं, पण ताउनोच्या खुब्यात नुकताच नवा सांधा बसवला होता. डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केलेला. तालुक्याच्या गावापर्यंत बसनं चालेल, म्हणाले. म्हणून आम्ही तिथल्या वाद्यांच्या दुकानात गेलो. (दोघंही एवढं आवरून गेलो होतो की दुकानदाराला वाटलं, आम्ही कुणाच्या अंत्यविधीहून आलोय.)

"काय देऊ?" दाढीवाला दुकानदार म्हणाला.

"माइक," ताउनो म्हणाला. "गाण्यासाठी."

"गाणार कोण?"

ताउनोचे कान लाल झाले. परक्या माणसापुढे 'मी गातो' म्हणायचं म्हणजे 'मी देखणा आहे' म्हणण्यासारखंच की.

"शेजारी," तो म्हणाला.

"आवाज कसा आहे त्यांचा? चढा की हळू?"

"ऐकला नाही कधी."

"बरं, घरात गातात की स्टेजवर?"

"तो गातच नाही."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

बिचाऱ्यानं तरीही दोन माइक काढून ठेवले. एक होता आखूड कानाचा. तोंडाशी धरून गायलं तरच ऐकणार, बाकी घराशी त्याला देणंघेणं नाही. दुसरा तिखट कानाचा. तो श्वाससुद्धा टिपतो, म्हणून घर शांत हवं. "आणि याला एका बाजूनंच ऐकू येतं," तो म्हणाला. "पाठीमागून ठार बहिरा. तर मग, शेजाऱ्यांचं घर शांत आहे का?"

ताउनोनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"नाही," तो म्हणाला.

एवढं कळूनही आम्ही दुसराच घेतला! कारण पहिल्याला कंप्युटरशी जोडायला आणखी एक डबी विकत घ्यावी लागत होती, आणि दुसरा नुसत्या वायरीनं जोडला जायचा. वर तो सेलमध्ये. दिसायला चांगला गलेलठ्ठ, पोटावर कंपनीचा सोनेरी बिल्ला. तो बिल्ला बसमध्ये कुणाला दिसू नये म्हणून ताउनोनं गळ्यातला मफलर काढून माइकला गुंडाळला आणि स्वतः कुडकुडत बसला.

घरी आल्यावर राइयानं ठेवून दिलेला कंप्युटर मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडला. लाल टिकली दाबली की रेकॉर्डिंग सुरू, एवढं तिनं मला शिकवलं होतं. ताउनोनं माइक उभा केला आणि बिल्ला पलीकडे वळवला.

"असा का फिरवलास रे?"

"नाव मिरवायचं कशाला?" तो म्हणाला.

आता यात नवल काही नाही. होडीचं इंजिन नवं आणलं तेव्हाही यानं कंपनीच्या नावावर डांबर फासलं होतं. आपण काहीतरी विकत आणलंय हे कुणाला कळता कामा नये, अगदी आपल्याला स्वतःलासुद्धा.

त्यानं गाणं म्हटलं, आम्ही ऐकून पाहिलं. फ्रिज काय सुरेख गात होता! आणि ताउनो कुठेतरी मागे, साथीला असल्यासारखा.

"फ्रिजचा आवाज फार मोठा आहे," मी म्हटलं.

"हं," ताउनो म्हणाला. मग आम्ही दोघं फ्रिजकडे रागानं बघत कॉफी प्यायलो.

मग मला सुचलं, सॉना! घरामागची ती वाफ घ्यायची लाकडी खोली. तिथे फ्रिज नाही, घड्याळ नाही, मांजरही फिरकत नाही. सगळं बिऱ्हाड तिकडे हलवलं. पण आत पाऊल टाकल्याबरोबर ताउनोनं सवयीनं कपडे काढले. (खरं सांगते, माझाही हात स्वेटरपर्यंत गेला होता. सॉनात कपड्यांनिशी बसायचं म्हणजे चर्चमध्ये टॉवेल गुंडाळून जाण्यासारखं वाटतं.) बाहेर सगळं तळं गोठलेलं, आणि हा उघडा. दात असे वाजायला लागले की माइकला तेवढंच ऐकू गेलं असतं. म्हणून वाफेच्या दगडांखालच्या चुलीत चार लाकडं पेटवली.

मी लाल टिकली दाबली. ताउनो गप्प. बिल्ला माझ्याकडे, तो पलीकडे.

"गा की, म्हाताऱ्या."

"जमत नाही."

"का?"

"तू गप्प बसली आहेस. कुणी गेल्यासारखं वाटतंय. काहीतरी बोल."

मी विचार केला, पाठीमागून ठार बहिरा असं दुकानदारच म्हणाला होता, आणि माइकचं तोंड तर गाणाऱ्याकडेच असणार! मग बोलायला काय हरकत? म्हणून माझ्या मावशीची गाय चर्चमध्ये कशी शिरली ती गोष्ट मी सांगायला घेतली. ती गोष्ट माझी एकदम खास. गाय गोठ्यातून सुटते, मग पुलावर येते, मग... असो. गोष्ट रंगात आली आणि ताउनो हळूच गायला लागला:

"नाव आली, नाव गेली,
पैलतीरी कोण?
कुणी नाही, धुकं आहे,
नीज आता तू पण."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (गोष्ट मात्र मी थांबवली नाही, गाय तेव्हा अगदी चर्चच्या दाराशी होती.) गाणं संपलं, गोष्टही संपली. ताउनोनं सुस्कारा सोडला. तापलेले दगड समोर, पाण्याची बादली हाताशी. काय होतंय हे मला कळायच्या आत त्यानं सवयीनं डावभर पाणी दगडांवर ओतलं.

श्श्श्श! वाफेचा लोट उठला. वाफ ओसरली तेव्हा माइकवरचा दिवा विझलेला, तो कायमचाच.

आता दुसरं रेकॉर्डिंग कुठलं करणार? आहे ते ऐकून तरी पाहू, असं मी म्हटलं.

"स्वतःचा आवाज स्वतः ऐकत बसू?" ताउनो म्हणाला. "शोभतं का?"

तेव्हा न ऐकताच पाठवून दिलं.

मग राइयाचा ना फोन, ना निरोप. ताउनो खिडकीशी बसून राहायचा. एकदा स्वतःहून म्हणाला, "आवडलं नसेल." आपणहून एवढे शब्द बोलला म्हणजे दुखणं खोल गेलं होतं.

आणि मग फोन आला. मी तो दोघांना ऐकू येईल असा मोठा केला. राइयाचा आवाज ताजातवाना, लग्नाआधी असायचा तसा.

"झोपली, आई! रोज झोपते! आम्हीसुद्धा झोपलो, म्हणून तर फोन करायचा राहिला!"

ताउनो कानांच्या पाळ्यांपर्यंत फुलला. "गाणं साधंच आहे," तो म्हणाला.

"गाणं?" राइया घुटमळली. "बाबा, तुझं गाणं दूर तळ्यापलीकडून आल्यासारखं येतं रे. गोड आहे, पण ऐकू येते ती आईच. माइकवरचा बिल्ला कुणाकडे होता?"

"माझ्याकडे," मी म्हटलं.

"अगं, बिल्ला असतो तेच माइकचं तोंड! पण काय औषध आहे आई, तुझी गोष्ट! मावशीची गाय गोठ्यातून सुटली की हेल्मीचे डोळे मिटतात. मग माझे, मग हिच्या बाबाचे. ती गाय पुढे कुठे गेली, घरात कुणालाच ठाऊक नाही."

लेकीचं घर शांत झालं, नातीच्या अंगावर मूठभर मांस चढलं, देवानं सगळं दिलं. पण माझी खास गोष्ट! मी ताउनोकडे वळले.

"तू तर जन्मभर ऐकतो आहेस. तुला तरी माहीत आहे ना, गाय चर्चमध्ये कशी शिरली?"

ताउनोनं खूप वेळ विचार केला.

"आइली," तो म्हणाला, "मी पुलाच्या पुढे कधी गेलोच नाही."