लाल फिल्टरवाले मोहिते

आमच्या बिल्डिंगमधले मोहिते गाडीत बसण्याआधी बॉनेट उघडतात, आत डोकं घालतात आणि इंजिनला विचारतात, "काय, मोकळं वाटतंय का?" इंजिन काही बोलत नाही. पण मोहित्यांना उत्तर मिळतं.

मोहिते मूळचे साताऱ्याकडचे, एपीएमसी मार्केटात कांद्याच्या गाळ्यावर दिवाणजी. सीवूड्सला आम्ही एकाच जिन्यात राहतो. मी विज्ञानाची निवृत्त शिक्षिका, म्हणून ते मला 'बाई' म्हणतात आणि माझं एक अक्षर ऐकत नाहीत. शिवाय मी सोसायटीची सेक्रेटरी. हौसेने नव्हे, दुसरं कोणी तयार होईना म्हणून.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी गाडीतला कंपनीचा एअर फिल्टर, काळ्या डब्यासकट, उपटून काढला आणि त्या जागी नारळाएवढा एक लालभडक, उघडा फिल्टर बसवला. "कंपनीवाले इंजिनचं नाक दाबून गाडी इकत्यात, बाई. इंजिनला श्वास पायजे, श्वास! पावर वाढली, मायलेज वाढलं."

वाढला होता फक्त आवाज. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय पडला की गाडी अशी घर्रर्र करून हवा ओढायची की पहिल्या मजल्यावरचं बाळ दचकून उठायचं. बाळाच्या आईच्या तीन तक्रारी माझ्याकडे पडून होत्या.

मी समजावलं. "मोहिते, तो काळा डबा बाहेरची गार हवा घेत होता. तुमचा हा लाल गडी बॉनेटखालची तापलेली हवा पितो. गरम हवा विरळ असते, तिच्यात दम कमी. आणि किती हवेला किती पेट्रोल, ते गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो. तुम्हाला जी पावर वाटते ना, ती कानाला वाटते."

"पुस्तकात आसंल तसं," मोहिते म्हणाले. "गाडीत नाय."

झालं! माझं डोकं फिरलं. माझी गाडी त्यांच्याच मॉडेलची, त्यांच्याच वर्षाची, फिल्टर कंपनीचा. मी पार्किंगमध्ये चार लोकांसमोर पैज लावली. दोन्ही टाक्या काठोकाठ भरायच्या, जासई गावापर्यंत जाऊन यायचं, त्याच पंपावर पुन्हा भरायच्या. ज्याला पेट्रोल जास्त लागेल तो हरला. मी हरले तर तक्रारी फाडेन. ते हरले तर काळा डबा परत बसवायचा.

रविवारी सकाळी बघते तर काय, मोहित्यांनी डिकीतून स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, सगळं खाली उतरवलेलं. मागच्या सीटवरची उशीसुद्धा! एसी बंद, काचा बंद. बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरांच्या गर्दीतून जाऊन परत येईपर्यंत माणूस घामाने निथळून निघाला. मी एसी लावून मजेत गेले होते. आणि तरीही पेट्रोल त्यांनाच थोडं जास्त लागलं.

"वारा तुमच्या बाजूनं होता," मोहिते म्हणाले.

"अहो, रस्ता एकच होता ना!"

"पण तुमी माझ्या मागं होता की. वारा मी कापला!"

शेवटी कबूल झाले. एरवी तासभर वाद घालणारा माणूस त्या दिवशी दोन वाक्यांत हार मानून गाडीत जाऊन बसला. मला वाटलं, नाक कापलं म्हणून. मला, खरं सांगते, फार बरं वाटलं.

सोमवारी गाडी मांजराच्या पावलांनी आली. मंगळवारी पुन्हा घर्रर्र! शब्दाला जागत नाही म्हणजे काय? बुधवारी संध्याकाळी मी सोसायटीची नोटीस घेऊन थेट त्यांच्या दारात.

दार वहिनींनी उघडलं. मोहिते यायचे होते. आत खाटेवर त्यांचे वडील बसले होते, भिंतीकडे तोंड करून. आबांना विसरण्याचा आजार झालाय हे ऐकून होते, पण त्यांना इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. पुढ्यातलं ताट तसंच होतं.

नोटीस पाहून वहिनी म्हणाल्या, "बाई, सोमवारी त्यांनी डबा बसवला होता हो. पण आबा जेवलेच नाहीत. उपाशी झोपले."

मला काही कळेना.

"आधी हौसेनंच बसवलेलं ते लाल. पण आबांनी उभा जन्म ट्रक चालवला. आता आमाला कुणाला वळखत नाहीत. एक दिवस हा ट्रकावानी आवाज ऐकला आन् म्हनाले, माझा पोरगा आला. तवापासनं आवाज आल्याबिगर रातचा घास घेत नाहीत."

या माणसाला मी चार लोकांत हरवलं होतं, आणि त्याने आबांचं नावही काढलं नव्हतं. वर दिलेला शब्दही पाळून पाहिला होता. नोटीस मी पर्समध्ये कोंबली. बाळाच्या आईला मी स्वतः भेटणार होते.

तेवढ्यात खाली गेटातून घर्रर्र आवाज आला. आबांनी मान वळवली. चेहरा असा फुलला की मी बघतच राहिले.

"आला गं! माझा पोरगा आला! ताट वाढ त्याला."

जिन्यात पावलं वाजली. मोहिते आत आले, मला पाहून ओशाळले, आणि हातपाय धुऊन खाटेशी जाऊन बसले. आबांनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"या पाव्हनं, बसा," आबा म्हणाले. "पोरगा खाली गाडी लावतोय. येईल इतक्यात."

"येऊ द्या की," मोहिते म्हणाले, आणि त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून आबांच्या तोंडाशी धरला. "तवर आपण सुरू करू."